चीक पाजण्याआधी

लिफ्टचं दार मिटता मिटता मुलगी फोनवर म्हणाली, "आई, बाळंतपणाला तू येऊ नकोस. कारण असं आहे की..." आणि लिफ्टमध्ये नेहमी जातो तसा आवाज गेला. लोखंडी पेटी खाली उतरू लागली. तिनं फोन कानाला तसाच धरून ठेवला. शेजारी वरच्या मजल्यावरचे गृहस्थ उभे होते, त्यांना वाटलं असणार की ही लक्ष देऊन ऐकते आहे. त्यांनी सभ्यपणे नजर वर, पंख्याच्या जाळीकडे वळवली. मजले खाली चालले होते आणि पलीकडे मुलगी बोलत असणार, न अडखळता, एकेक वाक्य जागच्या जागी. तळमजल्यावर दार उघडलं तेव्हा शेवटचं तेवढं कानावर पडलं, "...एवढंच. राग मानू नकोस."

"अगं, लिफ्टमध्ये होते मी. काही ऐकू नाही आलं. परत सांग."

पलीकडे मुलगी हसली. हसली म्हणजे नाकातून हवा सोडली. "आरशासमोर उभं राहून पाठ केलं होतं सगळं. परत नाही जमणार मला."

"मग कारण कळायचं कसं मला?"

"शोध की. तुझं कामच आहे ते."

पुन्हा. म्हणजे असं, की ती रस्त्यानं निघाली होती, नेहमीच्या, आणि दुकानांची शटरं वर जात होती, कुणीतरी पायऱ्यांवर पाणी ओतलं होतं, ते फुटपाथवरून वाट काढत तिच्या बुटांपर्यंत आलं होतं आणि ती थांबली होती. रजा मंजूर झालेली होती. पिशवी भरून कपाटाखाली सरकवलेली होती, त्यात मऊ, धुऊन धुऊन विरत आलेली जुनी कापडं. नवं कापड बाळाला टोचतं. मुलीला हे माहीत नसेल. मुलीला बरंच माहीत नसतं आणि तिला सांगायला गेलं तर— इथे ती थांबली. आधी पाण्यासाठी थांबली होती, आता या वाक्यासाठी. 'तुला बरंच माहीत नसतं' हे वाक्य तिचं नव्हतंच. तिच्या आईचं होतं. आईला जाऊन कितीतरी वर्षं झाली, आणि ही बाई अजून तिच्या तोंडानं बोलते. भाडं न देता राहते आत. काढायला जावं तर कुठल्या भिंतीत आहे ते सापडत नाही.

प्रयोगशाळेच्या मागच्या दारी, जिथे मेलेली जनावरं उतरवतात तिथे, छोटा टेम्पो उभा होता आणि त्यात पोत्यावर जिवंत कालवड बसली होती. गोठ्याची मालकीण टेम्पोच्या फळीवर पाय सोडून बसलेली. तरणी बाई, नवऱ्यामागे गोठा एकटीनं चालवणारी, तोंडानं फटकळ, गेल्या खेपेला आली तेव्हा पहारेकऱ्याला म्हणाली होती, "मी आत गेले तर बाहेर सोडाल ना, की माझाही मेंदू काढाल?" त्या खेपेचं वासरू तिनं वाया घालवलं होतं. चार पाय पसरून जन्मलेलं, मान टाकून मेलेलं. तिनं त्याचं डोकं व्यवस्थित पिशवीत बांधून बर्फाच्या कप्प्यात ठेवलं, दूध नासू नये म्हणून ठेवतात तसं, आणि मोठ्या विश्वासानं घेऊन आली. गोठलेला मेंदू वितळला की लापशी होते. काचेखाली नुसती भोकं दिसतात, जिथे जिथे बर्फाचे खडे होते तिथे तिथे. त्या भोकांतून काय डोकावून बघणार? म्हणून तेव्हा तिनं मालकिणीला बजावलं होतं: पुढची गाय व्यायली की वासरानं चीक प्यायच्या आधी त्याचं रक्त घ्यायचं. आधी रक्त. मग चीक. दोनदा सांगितलं होतं.

"रक्त आणलंत?"

"आणलंय." मालकिणीनं ओढणीच्या गाठीतून नळी काढली, अंगाच्या उबेनं कोमट झालेली. "पण पाजल्यानंतरचं आहे."

"सांगितलं होतं ना मी?"

"सांगितलं होतं. पण ही हंबरायला लागली. उभीच राहता येईना, आचळापर्यंत पोचेना. खरडत खरडत गेली हो, पुढचे गुडघे टेकून. बाटलीनं पाजलं मी. तुम्ही असता तर काय केलं असतंत?"

रक्त घेतलं असतं, असं ती म्हणाली नाही. नळी उजेडाकडे धरली. चांगलं रक्त होतं, नीट साकळलेलं, वर पिवळसर पाणी सुटलेलं. आणि अगदी कुचकामी. "आईच्या चिकात आईच्या रक्तातलं सगळं उतरतं. ते हिच्या पोटात गेलं, तिथून हिच्या रक्तात. आता मी तपासलं तर जे दिसेल ते हिचं स्वतःचं, की आईचं प्यायलेलं, ते कसं ओळखू?"

"लेकीच्या रक्तात आईचं असणारच की," मालकीण म्हणाली. "त्यात काय ओळखायचं?"

तिनं कालवडीला खाली घ्यायला लावलं. सिमेंटवर उभी करायचा प्रयत्न केला. पुढचे खूर आत दुमडलेले, पुढच्या पायांच्या शिरा ताठ, धनुष्याच्या दोरीसारख्या. मागचे पाय उभे राहिले, डुगडुगले, बसले. डोळ्यांपुढे बोट फिरवलं. उजवा डोळा जरा वर बघतो का? जरासा. की उजेड तिकडून येतोय म्हणून? मागच्या गुडघ्याच्या वाटीखाली छोट्या हातोडीनं ठोकलं. पाय उडाला, पण उशिरा उडाला. की तिलाच उशीर हवा होता? पुन्हा ठोकलं. पुन्हा. कालवडीनं तिचं बोट तोंडात घेतलं आणि चोखायला सुरुवात केली, जीभ खरखरीत, गरम, बरीच ताकद असलेली. तिनं ताकदीचीही मनात नोंद केली आणि बोट काढून घेतलं.

कालवडीच्या आईचं, त्या गाईचं, रक्त तिनं मागेच तपासलं होतं. गाईच्या अंगात ते होतं. नियोस्पोरा म्हणतात त्याला, डोळ्याला न दिसणारा परजीवी, कुत्र्याच्या विष्ठेतून चाऱ्यात येतो, चाऱ्यातून गाईत, आणि गाईत एकदा शिरला की जन्मभर निवांत बसून राहतो. गाभण राहिली की उठतो. पोटातल्या वासराच्या मेंदूत जातो, पाठीच्या कण्यात जातो, तिथे जाड भिंतींची घरं बांधतो. गोठ्यातली कुत्री पडलेली वार खातात आणि पुन्हा पहिल्यापासून. मालकिणीला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली होती, "कुत्र्यांना आता जेवायला ताट-पाट मांडते." आज ती विनोद करत नव्हती.

"गाईला मात्र काहीच नाही," मालकीण म्हणाली. "खाते, पिते, बादली भरून दूध देते. माझा गोठा तिच्यावर उभाय. तिच्या तीन लेकी आहेत माझ्याकडे."

"गाईला काही होत नाही. तिच्या पोटून जातं फक्त."

हे वाक्य तिनं आयुष्यात किती वेळा उच्चारलं असेल. वर्गात, सभांमध्ये, फोनवर, शेतकऱ्यांसमोर, तोंडातला घास चावता चावता. आज ते वाक्य तोंडातून बाहेर पडलं, मागच्या दाराच्या सिमेंटवर पडलं आणि उठून परत तिच्याकडे आलं.

तिची आई बघायची. शेजारणीचं मूल मांडीवर घेतलं की आधी दंड चिमटीत धरून बघायची, मग पापणी खाली ओढून, मग उचलून उजेडाकडे. "गोड आहे हो. डोकं जरा मोठं नाही?" शेजारणी हसायच्या आणि मग येईनाशा व्हायच्या. तिच्या स्वतःच्या लेकीच्या जन्माच्या वेळी आई दवाखान्यात आली, खुर्चीवर पिशवी ठेवली, गुंडाळलेलं कापड सोडलं आणि बाळ बाजारातल्या वांग्यासारखं उलटंपालटं करून बघितलं. "ठीक आहे. कान मात्र सासरचे." बाळाची आई, म्हणजे ती, पलंगावर होती आणि तिला वाटलं होतं, आता ही गेली की बाळाकडे असं कुणाला बघू देणार नाही मी. आई गेली. खोलीत कुणी नव्हतं. पडद्यातून पिवळा उजेड येत होता. तिनं कापड सोडलं, बाळाचा गुडघा दुमडला आणि बोटाच्या टोकानं वाटीखाली ठोकलं.

पुन्हा. मुलगी शाळेत होती तेव्हाचं. स्नेहसंमेलन, स्टेजवर ओळीनं पोरी, कागदाचे पंख लावलेल्या, आणि ती पहिल्या रांगेत. इतर आया टाळ्या वाजवत होत्या. तिला दिसत होतं की डावा पाय उशिरा पडतो. गाणं चालू होतं आणि ती मोजत होती: उजवा, मग डावा, जरासा मागून. घरी येताना मुलगी पंख न काढताच पुढे उड्या मारत चालली होती. "आई, मी कशी केली?" "छान. डावा पाय उशिरा पडतो तुझा." मुलीनं उडी मारायची थांबवली. मोठ्या डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी चालायला लावलं, डोळे मिटून उभं राहायला लावलं, एका यंत्रात निजवलं. काही सापडलं नाही. "डॉक्टर, पुन्हा एकदा बघता का?" असं तिनं विचारलं होतं. गाडीत बसल्यावर मुलगी खिडकीकडे तोंड करून म्हणाली, "सापडलं असतं तर बरं वाटलं असतं ना तुला?" तेव्हा केवढी होती ती? दात पडायच्या वयाची. पुढच्या दातांच्या जागी खिडकी होती आणि त्या खिडकीतून ते वाक्य बाहेर आलं होतं, शिट्टीसारखं.

"एखादा मार्ग असेल ना?" मालकीण विचारत होती. कधीपासून विचारत होती कोण जाणे.

"मेंदू बघावा लागेल."

"म्हणजे?"

"म्हणजे तो काढून."

मालकीण फळीवरून उतरली. कालवडीच्या पाठीवरचे, जन्माच्या ओलाव्यानं चिकटलेले केस तिनं नखांनी मोकळे केले. "हिला असेल तर गाय ठेवून उपयोग नाही. तिच्या लेकीही काढाव्या लागतील, हो ना? आणि हिला नसेल तर गाय राहील."

"नसेल तर या खेपेला गाईनं दिलं नाही, एवढं कळेल. पुढचं नाही सांगता येत. पण एवढं कळेल."

"म्हणजे लेकीला मारायचं, आईची खातरी करायला."

"थोडे दिवस थांबूनही बघता येईल," ती म्हणाली. हे ती म्हणाली होती, हे नंतर तिनं स्वतःला पुष्कळदा सांगितलं. पायांना पट्ट्या बांधून. पाजत राहून. पण कुठल्या आवाजात म्हणाली? भाजीवाल्याला 'राहू दे, नको' म्हणावं त्या आवाजात. त्या आवाजाला कोण थांबतं? मालकीण तिच्याकडे बघत राहिली, आणि तिच्या चेहऱ्यावर जे दिसलं ते बघून म्हणाली, "तुम्हाला काय वाटतं? आहे?"

"उजवा डोळा वर जातो," ती म्हणाली.

मालकीण टेम्पोत जाऊन बसली, काच वर केली. इंजेक्शनला फार वेळ लागत नाही. कालवडीनं पुन्हा बोट शोधलं होतं. मग कवटी, मग करवत, मग ते उघडं, ओलं, फिकट गुलाबी. त्याला हातात घेताना सगळ्या वयाचे हात थोडे अदबीनं वागतात, तिचेही. पाठीच्या कण्यातला दोर अख्खा काढला, मध्ये कुठे न तोडता. हे तिच्याइतकं सफाईनं कुणाला जमत नाही, असं लोक म्हणतात. सगळं फॉर्मॅलिनमध्ये. बरणीवर चिठ्ठी. नळाखाली हात. वास जात नाही, वासाचं काय घेऊन बसायचं.

मेंदू कडक व्हायला वेळ घेतो. तेवढ्या दिवसांत ती मुलीला फोन करत होती आणि मुलगी उचलत होती, हे त्यातलं विशेष. मुलगी नीट बोलायची. पाय सुजलेत. झोप येत नाही. जावई पातळ चहा करतो. आणि ती इकडून विचारायची, सूज दाबली तर खड्डा पडतो का, बाळ किती वेळा हलतं, डोकं दुखतं का, दुखतं म्हणजे कुठे, आणि पलीकडचा आवाज आखडत जायचा, आखडत जायचा, गोगलगायीच्या शिंगासारखा. एकदा मुलगी म्हणाली, "आई, तू मला एकदा नुसतं 'बरं' म्हण ना." ती म्हणाली, "बरं." मग म्हणाली, "पण खड्डा पडतो का?" दोघी हसल्या. हे खरंच घडलं, दोघी हसल्या, आणि हसणं संपल्यावर मुलगी म्हणाली, "बघ." एवढंच. बघ. लिफ्टमधलं वाक्य त्या शब्दाच्या मागे उभं होतं, तिला त्याची सावली दिसली, पण तिनं दिवा लावला नाही.

मेणात बसवलेले तुकडे कापणारा तिचा सहकारी, ज्याला सगळे सुरी म्हणतात, तो स्लाइडची पेटी घेऊन आला. "घ्या. केसासारखे पातळ कापलेत. फुंकर मारली तर उडून जातील." ती बसली. डोळे काचेला. आत निळा-गुलाबी मुलूख, कुठेही जावं, वस्ती सारखीच. ती शोधत होती ती ठिकाणं तिला पाठ होती: जिथे पेशी मरून गेल्यात आणि भोवती दुसऱ्या पेशी गोळा झाल्यात, अपघाताभोवती माणसं जमतात तशा. शिरांभोवतीच्या कडी. आणि कुठेतरी, नशीब असेल तर, ते जाड भिंतीचं गोल घर. नशीब असेल तर, असं ती खरंच मनात म्हणाली. मोठा मेंदू. लहान मेंदू. कण्याचा वरचा भाग, मधला, खालचा. काही नाही. पुन्हा. काही नाही. सुरीला आणखी खोल कापायला सांगितलं, वेगळा रंग द्यायला सांगितलं, जो त्या परजीवीलाच धरतो आणि तपकिरी दाखवतो. काचा निळ्या राहिल्या.

"बाई, एवढं शोधल्यावर देवसुद्धा सापडला असता," सुरी म्हणाला. "नाहीये हो. स्वच्छ आहे पोरगी."

स्वच्छ आहे पोरगी. आईच्या अंगात भरलेलं, आणि हिच्यात एक कण नाही. अशी क्वचित एखादी असते. बाकीच्यांना मिळतं, तिला मिळत नाही, का ते कुणाला माहीत नाही. पुढच्या पायांच्या शिरा पोटात दाटीनं पडल्यामुळे आखडलेल्या होत्या, एवढंच. पट्ट्या बांधल्या असत्या तर थोड्या दिवसांत खूर जमिनीला लागले असते. अडखळत उठली असती. मागच्या पायात ताकद होतीच. जिभेत तर होतीच.

तिनं मालकिणीला फोन लावला. "नाही सापडलं. मेंदू, कणा, सगळं चांगलं होतं. गाय ठेवायला हरकत नाही."

पलीकडे बादलीचा आवाज आला, खाली ठेवल्याचा. "गाय गेली."

"गेली म्हणजे?"

"कालच व्यापाऱ्याला दिली. तिच्या लेकीही. गाडी भरली की नेतात, मला रोज कोण गाडी पाठवणार. तुमचा चेहरा बघितला होता ना मी त्या दिवशी. म्हटलं, आता फोनची काय वाट बघायची?" मग, "कालवड उभी राहिली असती का हो?"

"सांगता येत नाही."

"तुम्हाला सांगता येतं," मालकीण म्हणाली. आवाजात राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. "मला सांगायचं नाही, एवढंच."

अहवालात तिनं ठरलेलं वाक्य लिहिलं: काही आढळले नाही. टेबलापाशी कुणी नव्हतं, दुपार होती, खिडकीखाली कुणीतरी मोटारसायकल सुरू करत होतं आणि ती होत नव्हती. फोन थरथरला. जावयाचा निरोप, मुलगी झाली, दोघी सुखरूप, आणि खाली फोटो.

फोटोत पांढऱ्या कापडात एक लाल, सुरकुतलेलं, रागावलेलं तोंड. एक मूठ बाहेर. ती बघते. नात. तिला वाटतं की आपल्याला रडू येणार आहे. आणि तिची दोन बोटं काचेवर टेकतात, एकमेकांपासून दूर सरकतात, तोंड मोठं होतं. आणखी. डोळे अर्धे उघडे. डावा सरळ. उजवा. उजवा जरासा. की उजेड तिकडून येतोय? ती फोन आडवा करते, उभा करते. मूठ बघते, अंगठा आत आहे की बाहेर. कापडाखालचे गुडघे दिसत नाहीत.

मुलीचा निरोप येतो. दमलेल्या बोटांनी लिहिलेला, मध्ये जागा न सोडता.

बघितलासनाफोटो.

हो, ती लिहिते. छान आहे.

काय सापडलं?

इतकं साधं होतं तर ते. लिफ्टमध्ये एवढे मजले खाली येईपर्यंत मुलगी हेच सांगत असणार, लांबवून, मऊ करून, न दुखवता. बाळाला कुणी तपासण्याआधी ते नुसतं कुणाचं तरी असावं, थोडे दिवस. पद्धत बरोबर आहे, आईचं आत उतरायच्या आधी लेकीला वेगळं ठेवायचं. हिनंच तर आयुष्यभर लोकांना शिकवली आहे. मुलीनं सांगितलं तसं केलं, मालकिणीसारखी घाई केली नाही.

ती लिहिते, काही नाही.

हे खरं आहे, आणि तिनं आजच हे एकदा लिहिलं आहे, खरं असताना. पलीकडून तीन टिंबं हलतात, थांबतात, हलतात, नाहीशी होतात. ती वाट बघते. खाली मोटारसायकल एकदाची सुरू होते आणि निघून जाते. फोनची काच काळी पडते, तीत तिचं तोंड दिसतं, आईसारखं, पापण्या खाली ओढलेलं. ती काचेला बोट लावते. फोटो परत उजळतो. बाळ रागावलेलंच आहे.

दोन बोटं टेकतात. दूर सरकतात.